‘लस मागे घेतली’ : एका वाक्यात दडलेले चार प्रश्न

मे 2024 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या कोविड लशीवरून, म्हणजे आपल्याकडच्या कोविशील्डवरून, मोठा वाद झाला. एक बाजू म्हणत होती, कंपनीने कोर्टात दुष्परिणाम कबूल केला म्हणून लस मागे घेतली. दुसरी बाजू म्हणत होती, दहा लाखांत एखादी केस, उगाच लोकांना घाबरवू नका. मित्रांनो, तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा वाद नीट वाचा. पुरावा हाताशी असूनही युक्तिवाद कसा घसरतो, ते दोन्ही बाजूंकडून शिकता येतं.

पहिला प्रश्न शब्दाचा. ‘मागे घेणे’ म्हणजे नेमकं काय? 11 मार्च 2021 ला डेन्मार्कने आणि 15 मार्चला जर्मनी, फ्रान्स, इटलीने वापर थांबवला, ती तात्पुरती स्थगिती होती. 14 एप्रिलला डेन्मार्कने ही लस आपल्या कार्यक्रमातून वगळली. ब्रिटनने ती चालू ठेवली, पण 30 वर्षांखालच्यांना शक्यतो दुसरी लस द्या, असा सल्ला दिला; पुढच्या महिन्यात ही मर्यादा 40 झाली. आणि 7 मे 2024 ला युरोपीय संघातला विक्रीपरवाना रद्द झाला तो कंपनीच्याच अर्जावरून. हे चार वेगळे निर्णय आहेत, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांसाठी घेतलेले. आपल्याकडे तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर 2021 पासूनच कोविशील्डचं उत्पादन आणि पुरवठा थांबवल्याचं सांगितलं होतं. म्हणजे मे 2024 मध्ये भारतात मागे घ्यायला फारसं काही उरलंच नव्हतं. प्रबंधात आपण संज्ञांची कार्यात्मक व्याख्या देतो ती याचसाठी.

दुसरा प्रश्न कारणाचा. कोर्टातला कागद फेब्रुवारी 2024 चा, परवाना परत करण्याचा अर्ज मार्चचा. आधी हे झालं, नंतर ते झालं, म्हणून याच्यामुळे ते झालं? एवढ्यावर कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. रक्तात गुठळी आणि सोबत प्लेटलेट कमी, हा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम युरोपच्या औषध नियामकाने 7 एप्रिल 2021 लाच नोंदवायला सांगितला होता. त्याच आठवड्यात जर्मनी-ऑस्ट्रिया आणि नॉर्वेच्या डॉक्टरांचे शोधनिबंध आले, त्यांत पीएफ4 या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीचं वर्णन होतं. म्हणजे ‘कबुली’त वैज्ञानिकदृष्ट्या नवीन काही नव्हतं, तिचं महत्त्व कायदेशीर होतं. पण म्हणून कंपनीने दिलेलं व्यावसायिक कारणही डोळे झाकून मान्य करू नका. नव्या व्हेरियंटसाठीच्या लशी आल्या आणि मागणी घटली, हा हितसंबंध असलेल्या पक्षाचा दावा आहे. तो पटण्यासारखा आहे, कारण ही लस मूळ विषाणूवरच बेतलेली राहिली, हे बाहेरून तपासता येतं. कंपनी म्हणते एवढं कारण पुरेसं नाही.

तिसरा प्रश्न आकड्याचा, आणि इथे ‘घाबरवू नका’वाली बाजू उघडी पडते. 17 मे 2021 ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की कोविशील्डनंतर गुठळीच्या 26 संभाव्य केसेस आढळल्या, दर दहा लाख डोसमागे 0.61. ब्रिटनचा दर 4 आणि जर्मनीचा 10. वाचणाऱ्याला वाटलं, आपण सुरक्षित. आता कॅल्क्युलेटर काढा. 26 ला 0.61 ने भागलं की साधारण 4.26 कोटी डोस येतात. त्याच निवेदनात 3 एप्रिलपर्यंतचे कोविशील्डचे डोस 6.86 कोटी दिलेत. मग छेद कुठला घेतला? शिवाय 700 गंभीर घटनांपैकी तोवर 498 चीच तपासणी झाली होती. आणि ब्रिटनचा 4 हा दर प्लेटलेट कमी असलेल्या गुठळ्यांचा होता, आपल्या 26 मध्ये गुठळीच्या सगळ्याच संभाव्य केसेस. अंश वेगळा, छेद वेगळा, तर तुलना कशी होणार? तसंच हा ‘नोंदवला गेलेला’ दर आहे. डॉक्टरांना काय शोधायचं ते कळल्यावर ब्रिटनचा दरही पुढे पहिल्या डोससाठी 10 च्या वर गेला. कमी नोंद म्हणजे कमी धोका, असं समीकरण मांडू नका.

चौथा प्रश्न तुलनेचा. धोका कशाच्या तुलनेत? केंब्रिजच्या विंटन सेंटरने एप्रिल 2021 मध्ये साधा तक्ता केला होता. संसर्ग कमी असताना, 20 ते 29 वयोगटात एक लाख लोकांमागे 16 आठवड्यांत लशीमुळे आयसीयूतले 0.8 दाखले टळतात आणि 1.1 जणांना गंभीर इजा होऊ शकते. 60 ते 69 मध्ये हेच आकडे 14.1 आणि 0.2. लस तीच, पण वय बदललं की उत्तर बदलतं. संसर्ग वाढला तरी बदलतं. त्यामुळे ‘लस सुरक्षित आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणासाठी, कधी आणि दुसरा पर्याय काय, हे जोडल्याशिवाय तो संशोधनप्रश्न होत नाही.

या सगळ्या गदारोळात खरा प्रश्न मागे पडला. दुर्मीळ म्हणजे शून्य नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला दहा लाखांचा छेद काय सांगणार? समाजाच्या भल्यासाठी राबवलेल्या मोहिमेत काहींना किंमत मोजावी लागली, तर ती भरून कोण देणार? ब्रिटनमध्ये लशीमुळे गंभीर अपंगत्व आल्याचं किंवा मृत्यू झाल्याचं मान्य झालं तर 1 लाख 20 हजार पौंड मिळतात. आपल्या केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की भरपाईची जबाबदारी सरकारवर टाकता येणार नाही, दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. लशीमुळेच झालं हे एकट्या कुटुंबाने कोर्टात सिद्ध करायचं, तेही नोंदणीच अपुरी असताना! ‘लस विष आहे’ म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न बदनाम केला, ‘काही झालंच नाही’ म्हणणाऱ्यांनी तो झाकला.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी हातात आली की शेअर करण्याआधी वहीत चार रकाने आखा : शब्द, कारण, आकडा, तुलना. जो रकाना भरता येत नाही, तिथे तुमचा संशोधनविषय असू शकतो. मला विचाराल तर आकड्याच्या रकान्यात आजही भरपूर काम शिल्लक आहे.