ओटा दिसतो, विहीर दिसत नाही

‘स्थानपोथी’ वाचताना मला पहिल्यांदा आठवला तो गूगल मॅप. चौदाव्या शतकातला हा महानुभाव गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी कुठल्या गावात, कुठल्या देवळात राहिले, त्या देवळाचं दार कुठल्या दिशेला, शेजारी काय, एवढंच तो सांगत जातो. विशेषणं जवळजवळ नाहीतच. ‘भव्य’ नाही, ‘नयनरम्य’ नाही. कुठल्याही पर्यटन ब्रोशरपेक्षा हे गद्य मला भरवशाचं वाटतं. त्याला आपल्याला भारावून टाकायचं नाहीये, जागेवर नेऊन सोडायचंय.

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला ही नजर अजून जिवंत आहे. गोविंदप्रभूंचं हे गाव. ते जिथे बसले, जेवले, खेळले तिथे ओटे आहेत आणि उपदेशी मंडळी एकेका ओट्यावर डोकं टेकवत गाव फिरतात. राजमठ आहे, वाजेश्वरी आहे. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं ते इथेच. हेरिटेज वॉक ही पुण्या-मुंबईची आयडिया वाटत असेल, तर एकदा इकडे येऊन बघा भाऊ.

पण स्थानपोथीत एक मोठी उणीव आहे. देव कुठे बसला ते तिच्यात आहे, त्या घरात राहत कोण होतं ते फारसं नाही. ती उणीव भरून काढतं म्हाइंभटांचंच दुसरं पुस्तक, गोविंदप्रभूंचं चरित्र. (अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं.) त्यातलं रिद्धपूर म्हणजे नुसती गर्दी. हा वेडा वाटणारा देव कुणाच्याही घरात शिरतो, कुणाच्याही हातचं खातो, बाजारात हिंडतो. मातंग पाण्यासाठी त्याला विनवतात आणि त्यांच्यासाठी विहीर होते, अशीही एक लीळा आहे. गावाचा नकाशा इथे दिशांनी नाही, पाणी कुणाला मिळतं यावरून काढलाय.

आज हे बोलायचं कारण आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झालं, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता परिसंवाद होणार, दिंड्या निघणार, सुशोभीकरणाचे आराखडे येणार. विद्यापीठ आलं याचा मला मनापासून आनंद आहे. भीती साच्याची आहे. मंडप, शाल-श्रीफळ, कमान, पेव्हर ब्लॉक, क्यूआर कोड. हा साचा स्थानपोथीची नक्कल करतो, तीही अर्धवट. तिची अचूकता घेत नाही, माणसं वगळायची सवय मात्र घेतो.

म्हाइंभट लीळा गोळा करायला माणसामाणसाकडे गेले. ज्याने पाहिलं त्यालाच विचारलं, पाठभेद आढळले तर तेही जपले गेले. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर मर्ज कॉन्फ्लिक्ट डिलीट न करता ठेवून दिले. पुढे सैन्याच्या धाडीत मूळ पोथी गेली, तेव्हा लोकांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली. म्हणजे बॅकअप गावोगावच्या माणसांत होता.

त्यामुळे उद्या रिद्धपूरच्या वास्तूंवर कार्यक्रम झाला, तर त्याची पत्रिका मी दोनच गोष्टींसाठी वाचेन. माइक वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात आहे का? आणि फेरी ओट्यापाशी संपते, की पुढे पाण्यापर्यंत जाते?