चुंग लिंग सू
(२ एप्रिल १८६१–२४ मार्च १९१८). रंगमंचावरील मौनामुळे गाजलेला जादूगार. मूळ नाव विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन; जन्माने अमेरिकन. हॅरी केलर व अलेक्झांडर हर्मान यांचा तो साहाय्यक होता. १९०० पासून इंग्लंडमध्ये तो चिनी म्हणून वावरला. वार्ताहरांशी दुभाष्यामार्फतच बोले. परिणामी त्याचे चरित्र प्रसिद्धिपत्रकांवर विसंबून राहिले. त्यांतील स्कॉटिश पिता व चिनी माता ही कथा कल्पित होय. १९०५ मध्ये चिनी जादूगार चिंग लिंग फू याने लंडनमध्ये त्याचे खरे नाव जाहीरपणे उघड केले. पण ठरलेल्या स्पर्धेस फू आलाच नाही व सत्य दुर्लक्षित राहिले.

२३ मार्च १९१८ रोजी लंडनमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात तो जखमी झाला व दुसऱ्या दिवशी मरण पावला. आत्महत्येची वदंता पसरली. तथापि बंदुकीची यंत्रणा झिजल्याने, एरवी न पेटणाऱ्या नळीतील दारू पेटून खरी गोळी सुटली, असे मृत्युचौकशीत दिसून आले व मृत्यू अपघाती ठरला.

मौनी कलावंताची प्रसिद्धिपत्रके ही त्याच्या प्रयोगाचाच भाग असतात. ती चरित्राचे साधन म्हणून जशीच्या तशी ग्राह्य धरता येत नाहीत. सूच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्याचा आरोप व चौकशीतील साक्ष हीच अधिक विश्वसनीय ठरतात.