घडीची होडी आणि मानसाचें पाणी

1907 हें साल मराठी प्रवासवाङ्मयाच्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या सालीं भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनीं वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ छापून प्रसिद्ध केला, आणि एका गरीब भिक्षुकाच्या डोळ्यांनीं सत्तावनची धामधूम पाहण्याची सोय मराठी वाचकांस झाली. त्याच सालच्या जुलै महिन्यांत तिबेटांतील मानससरोवरावर स्वेन हेडिन नांवाच्या स्वीडिश प्रवाशानें घडीची एक होडी पाण्यांत सोडली. पुढील वर्षीं, म्हणजे 1908 सालीं, त्याच सरोवराच्या कांठीं एक महाराष्ट्रीय साधु येऊन पोहोंचले. भगवान श्रीहंस या नांवानें ते ओळखले जातात. हेडिनच्या ‘ट्रान्स-हिमालय’ ग्रंथाचे दोन जाड खंड 1909 सालीं निघाले व तिसरा 1913 सालीं. श्रीहंसांचें निवेदन मूळ मराठींतलें. परंतु जगापुढें तें आलें 1934 सालीं, ‘द होली मौंटन’ या इंग्रजी वेषांत. भाषांतर त्यांचे शिष्य श्रीपुरोहितस्वामी यांचें, आणि प्रस्तावना आयर्लंडचे कवि येट्स यांची. एकाच पाण्याविषयींचे हे दोन ग्रंथ शेजारीं शेजारीं ठेवून वाचण्याचा उद्योग आमच्याकडे फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. तो आम्ही येथें थोडक्यांत करून पाहणार आहों.

आधीं होडीविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. कारण घडीची होडी ही वस्तु आपल्या लोकांच्या कल्पनेंत सहजासहजीं बसणारी नव्हे. बोईसर-तारापूरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर जाऊन एखाद्या मच्छीमारास ‘होडी मोडून, गुंडाळून घोड्याच्या पाठीवर लादतां येते’ असें सांगितलें, तर तो आधीं आपल्या तोंडाकडे पाहील व मग हंसेल. त्याची होडी पिढीजात जड असते आणि जडपणांतच तिची भिस्त असते. परंतु ज्यांना पाण्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वीं शेंकडों कोस कोरडी जमीन तुडवावयाची असते, त्यांनीं हा प्रश्न निराळ्या तऱ्हेनें सोडविला. 1805 सालीं अमेरिकेंत लुइस व क्लार्क यांनीं लोखंडी सांगाड्याची सुटी होडी बरोबर नेली, तिच्यावर जनावरांचीं कातडीं शिवलीं; पण सांधे बुजविण्यास डांबर मिळेना, म्हणून ती गळूं लागली व तेथेंच टाकून द्यावी लागली. स्टॅन्लेनें आफ्रिकेंत ‘लेडी ॲलिस’ ही तुकड्यातुकड्यांची नौका हमालांच्या डोक्यावरून वाहवून नेली आणि 1875 सालीं व्हिक्टोरिया सरोवराला वळसा घातला. पुढें 1905 सालीं म्यूनिचच्या आल्फ्रेड हॉयरिख या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानें काठ्या व कापड यांची होडी बनविली, आणि 1907 सालीं रोझेनहाइमच्या क्लेपर नांवाच्या शिंप्यानें तिचा हक्क विकत घेऊन ती बाजारांत आणली. होडीचा धंदा सुताराकडून शिंप्याकडे जावा, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

हेडिनची होडी या शिंप्याच्या होडीहून निराळी, आधींची व इंग्रजी बनावटीची. ती त्याच्या काफिल्याबरोबर उघड्या माळांवरून ओझ्याच्या जनावरांच्या पाठीवर गेली. मानसाच्या कांठीं ती उलगडली तेव्हां तेथील तिबेटी लोकांनीं त्याला परावृत्त करण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. सरोवराच्या मध्यभागीं पाणी पारदर्शक घुमटासारखें वर आलेलें आहे. होडी एका बाजूनें त्यावर चढेल, पण दुसऱ्या बाजूनें घसरून रसातळास जाईल, असें त्यास सांगण्यांत आलें. हेडिननें तें ऐकून घेतलें, लिहून ठेवलें आणि रात्रींच्या वेळीं शुकूर अली व रहीम अली या दोन माणसांना वल्ह्यांवर बसवून होडी लोटली. ठराविक अंतरावर थांबावें, दोरीला बांधलेलें शिसें सोडावें, दोरी सैल पडली कीं खोलीचा आंकडा टिपावा, आणि पुन्हां वल्हीं मारावीं, हा क्रम रात्रभर चालला. खाली अथांग काळोख, वर चांदण्या, आणि मध्यें कंदिलाच्या उजेडांत वहींत आंकडे लिहिणारा एक मनुष्य! सर्वांत अधिक खोली भरली 81.8 मीटर, म्हणजे सुमारें 268 फूट. घुमट कोठेंच लागला नाहीं. पाण्याखालीं होती ती उलटी द्रोणासारखी खोलगट भूमि.

हें प्रकरण ग्रंथांतील उत्तम प्रकरणांपैकीं एक आहे, आणि तें उत्तम होण्याचें कारण, आमच्या मतें, ती दोरी हें आहे. एरव्हीं हेडिन हा शब्दांचा उधळ्या लेखक. पर्वत दिसला कीं तो स्तोत्र म्हणूं लागतो, सूर्यास्त दिसला कीं रंगांची पेटी रिती करतो, आणि प्रत्येक पांचव्या पानावर ‘येथें माझ्यापूर्वीं कोणी गोरा मनुष्य आला नव्हता’ हें बजावल्याशिवाय त्याला चैन पडत नाहीं. त्याच्या कीर्तिलोभाचा पुढें पुढें वाचकास वीट येतो. उत्तर आयुष्यांत त्यानें हिटलरच्या राजवटीची जी तरफदारी केली ती आठवली म्हणजे या आत्मस्तुतीची चव अधिकच कडवट होते. पण त्या रात्रीं दर थोड्या वेळानें शिसें सोडावें लागत असल्यामुळें त्याच्या वाक्यांनाहि लगाम बसला आहे. आंकडा आला कीं अलंकार गळून पडतो. शिवाय होडी लहान असल्यामुळें तिच्यांत नायकाला एकट्यानें उभें राहण्यास जागा नाहीं. शुकूर अलीचें शांत वल्हवणें आणि रहीम अलीची भीति हीं दोन्हीं आपोआप त्या वर्णनांत शिरलीं आहेत.

आतां श्रीहंसांकडे वळूं. त्यांच्याजवळ होडी नाहीं, दोरी नाहीं, पुरेशीं वस्त्रेंहि नाहींत. मानसाचें पाणी त्यांनीं अंगावर घेतलें तें स्नानासाठीं. आणि त्यांच्या यात्रेचें शिखर मानस नव्हेच, तें कैलासावरील गौरीकुंडाच्या गोठलेल्या परिसरांत झालेलें दत्तात्रेयदर्शन होय. येट्सला या पुस्तकानें भारून टाकलें यांत नवल नाहीं. त्याला युरोपांत न मिळालेली एक गोष्ट यांत मिळाली, ती म्हणजे संशयाची किंचितहि सावली नसलेलें निवेदन. वाट चुकली, अन्न मिळालें नाहीं, चोर भेटले, हें सारें श्रीहंस एकाच पट्टींत, न ओरडतां सांगतात. हेडिनची बढाई वाचून आलेल्या वाचकास ही निगर्वी वाणी थंड पाण्यासारखी लागते. तरीहि एक उणीव आम्हांस जाणवल्यावांचून राहिली नाहीं. त्यांच्या पुस्तकांत सरोवर दिसत नाहीं. मन दिसतें, श्रद्धा दिसते, थंडीनें बधिर झालेलीं पावलें दिसतात. पण चारशें चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेलें, सुमारें पंधरा हजार फूट उंचीवरचें तें प्रचंड पाणी लेखकाच्या अंतर्मुखतेंत बुडून जातें.

साधूनें पाणी मोजावें अशी आमची अपेक्षा आहे काय, असें कोणी विचारील. श्रीहंसांकडून ती अपेक्षा करणें अरसिकपणाचें होईल, हें उघड आहे. आमची तक्रार आहे ती त्यांच्या मागें राहिलेल्या आपणां सर्वांविरुद्ध. आपल्या वाङ्मयांत पाणी नेहमींच कांठावरून पाहिलेलें असतें. कालिदासाचे हंस मानसाकडे जातात तेहि वरून, आकाशमार्गानें. काका कालेलकरांसारखा नदीवेडा लेखकसुद्धां नद्यांना ‘लोकमाता’ म्हणतो. आणि एकदां माता म्हटलें कीं तिची खोली विचारणें अप्रशस्त ठरतें! परिक्रमा ही आपली आवडती रीत. परिक्रमेंत भक्ति आहे, पण तिनें प्रश्न सुटतातच असें नाहीं. मानसांतून राक्षसतालाकडे पाणी वाहतें कीं नाहीं, हा साधा प्रश्न घ्या. 1812 सालीं मूरक्रॉफ्टनें शोधून पाहिलें, त्यास प्रवाह दिसला नाहीं. 1846 सालीं हेन्री स्ट्रेची गेला, त्याला चांगला वाहता ओढा दिसला. दोघेहि प्रामाणिक आणि दोघांनींहि डोळ्यांनीं पाहिलेलें! पाण्याची पातळी वर्षावर्षाला बदलते हें ध्यानांत घेतल्यावरच या भांडणाचा उलगडा होतो, आणि पातळी ही मोजल्यावांचून कळत नाहीं.

हा वाद दूर तिबेटांतला, त्याच्याशीं आपणांस काय करावयाचें आहे, असें म्हणूं नये. मघाशीं ज्या नवापूरचें नांव घेतलें तेथेंच पाहा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचें सांडपाणी नळानें नवापूरच्या समुद्रांत सोडलें जातें. त्या पाण्यानें मासळी नाहींशी होत आहे असें मच्छीमार वर्षानुवर्षें सांगत होते. अखेरीस त्यांच्या संघटनेनें राष्ट्रीय हरित लवादापुढें दाद मागितली. तेथें समुद्र ही आमची आई आहे एवढें सांगून भागत नाहीं; पाण्यांत काय मिसळलें आहे, किती आणि कोठपर्यंत, हें दाखवावें लागतें. कोळी ज्याला आई म्हणतो त्याच पाण्यांत रोज उतरतो, म्हणून त्याला तें आधींच कळलेलें असतें. आंकडे मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वहींत असतात. ही वही आपल्या हातीं कां नसावी?

या किनाऱ्याची आणखी एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. ऑस्कर स्पेक नांवाचा एक बेकार जर्मन कारागीर 1932 सालीं डॅन्यूब नदीवरील उल्म गांवीं घडीच्या होडींत बसला आणि वल्हवीत वल्हवीत 1939 च्या सप्टेंबरांत ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत पोहोंचला. कराचीहून लंकेकडे जातांना तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यानें गेला. कोकणच्या इतक्या जवळून कापडी होडीनें गेलेल्या या माणसाविषयीं मराठींत एखादा चांगला लेख आमच्या पाहण्यांत नाहीं. ऑस्ट्रेलियांत त्याचें स्वागत झालें तें कैदेनें, कारण महायुद्ध पेटलें होतें व तो शत्रुराष्ट्राचा नागरिक होता.

हेडिनचा ग्रंथ समग्र भाषांतरावा असें आम्ही म्हणत नाहीं. तीन खंडांतील निम्मा मजकूर आजच्या वाचकास पेलणार नाहीं. परंतु मानसावरील त्याचीं प्रकरणें आणि श्रीहंसांचें मानस व गौरीकुंड यांविषयींचें निवेदन अशीं एकत्र बांधून, सरोवराच्या खोलीच्या आंकड्यांच्या नकाशासह, शंभर-सव्वाशें पानांचें एक पुस्तक मराठींत निघण्यास कांहींच हरकत नाहीं. श्रीहंसांचा भाग इंग्रजीवरून परत मराठींत आणण्याऐवजीं मूळ मराठी संहिता मिळवून छापावी. आणि संपादकानें हेडिनला कात्री लावतांना शुकूर अली व रहीम अली यांचीं वाक्यें तेवढीं गाळूं नयेत.