लोंबी आणि पाऊस

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी भंडाऱ्याहून बाबांचा मेसेज आला: 🌾🌧️. मी पुण्यात, मीटिंगमध्ये. ❤️👍 पाठवून मोकळा झालो. रात्री फोनवर बाबा म्हणाले, "कापलेल्या कडपा भिजल्या पुऱ्या." माझं ते लाल हार्ट त्यांच्या मेसेजखाली तसंच होतं.

इमोजीला 'जगाची नवी चित्रलिपी' म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. मला ते पटत नाही. हीच दोन चित्रं जूनमध्ये आली असती तर ती आनंदाची होती. 'पावसाने धान गेलं' यातला 'ने' आणि 'गेलं' कुठल्या चित्रात शोधायचा? विभक्ती आणि काळ दोन्ही वाचणाऱ्यावर सोडलेले, आणि वाचणारा मीटिंगमध्ये.

पण दोष एकट्या चित्राचा नाही. 🌾 हे जपानी मोबाइलांवरून आलेलं चिन्ह युनिकोडमध्ये २०१० साली दाखल झालं. तिथलं त्याचं नाव सरळ आहे: भाताची लोंबी. युनिकोड क्रमांक आणि नाव ठरवतं, चित्र फोनचा फॉन्ट काढतो. वेबपानाच्या कोडमध्ये १२७८०६ हा दशमान क्रमांक दिला तरी हीच लोंबी उमटते. आपण मात्र तिला बिनदिक्कत गव्हाची ओंबी समजतो. २०१९ साली साडी, पणती, रिक्षा आली तेव्हा 'आपलं आलं' म्हणून आपण खूश झालो. धानपट्ट्याचं चिन्ह त्याआधी नऊ वर्षं फोनमध्ये पडून होतं.

ते सापडायचं कसं? कीबोर्ड चित्र शोधत नाही, चित्राला जोडलेले शब्द शोधतो. असे शब्द भाषावार युनिकोडच्या सीएलडीआर या भांडारात साठवलेले असतात, मराठीचेही आहेत. माझ्या फोनवर मी 'धान' टाइप केलं, काही आलं नाही. इंग्रजीत 'राइस' टाकल्यावर आधी वाडग्यातला भात आला. म्हणजे शिजलेलं सापडतं, शेतातलं नाही! नव्या चित्रांची मागणी करणाऱ्यांचा मला राग नाही, पण मला आधी शब्द हवेत. धान, बांधी, रोवणी, कडपा.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांच्या कीबोर्डच्या शब्दकोशात शॉर्टकट टाकून दिला: 'धान' लिहिलं की 🌾. त्यांनी दोनदा करून पाहिलं, हसले.

आठवड्याने मेसेज आला. त्यात चित्र नव्हतं.

"वाचले तेवढ्याचे पुंजने मांडले. तू जेवला का?"