नाव कोणी घ्यायचे?

२०२५ च्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजातल्या पोरांनी 'फुले' हा हिंदी चित्रपट पाहायला जायचे ठरवले होते. वर्गणी काढली, जीप ठरवली. तालुक्याला थिएटर नाही, जिल्ह्याला जावे लागते. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, चित्रपट लागायचा होता. तो लागला नाही. महाराष्ट्रातल्या काही ब्राह्मण संघटनांनी नुसता ट्रेलर पाहून हरकत घेतली होती, सेन्सॉर मंडळाने बदल सांगितले होते, आणि चित्रपट आला २५ एप्रिलला. तोवर पोरांच्या परीक्षा सुरू झाल्या. जीपमध्ये आम्ही सातजण उरलो.

मंडळाने ज्यांवर बोट ठेवले त्यांत 'मांग', 'महार' आणि 'पेशवाई' हे शब्द होते. मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख होता. तीन हजार वर्षांच्या गुलामीविषयी एक वाक्य होते. त्यातले 'तीन हजार' काढून 'कित्येक' घालायला सांगितले. म्हणजे गुलामी राहू दिली, फक्त तिचा हिशेब पुसला.

चित्रपट म्हणून 'फुले' मला बेताचा वाटला. अनंत महादेवन यांचा हेतू स्वच्छ आहे, प्रतीक गांधी आणि पत्रलेखा यांनी मेहनत घेतली आहे, परंतु प्रसंगामागून प्रसंग येतात आणि स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यासारखे निघून जातात. 'गुलामगिरी' लिहिणाऱ्या माणसाची ती बोचरी, रांगडी मराठी गुळगुळीत हिंदीत कुठेतरी हरवते. जोतीरावांना पडद्यावर आणण्याचे काम आचार्य अत्र्यांनी १९५४ सालीच केले होते आणि त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. सत्तर वर्षांनंतर त्याच माणसावरचा चित्रपट कात्रीखालून काढावा लागतो, ही गोष्ट त्याच्या बेतेपणापेक्षा मला महत्त्वाची वाटते.

परतताना जीपमध्ये एका पोराने विचारले, "सर, मांग-महार हे शब्द शिवी आहेत का?" मी मांगवाड्यातला. माझे वडील केकताडाचे दोर वळायचे, आई झाडू बांधायची. उत्तर माझ्या तोंडाशी यायला हवे होते. ते आले नाही. मी त्याला मुक्ताबाईचे नाव सांगितले.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या, अवघ्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईचा निबंध छापून आला. त्याचे नावच मांग-महारांच्या दुःखाविषयी असे आहे. वेदाला हात लावायचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असे ती पोर विचारते. इमारतींच्या पायात आमची माणसे पुरली जात, हे ती सांगते. बाजीरावाच्या राज्यात आमच्या माणसाने तालीमखान्यापुढून जाणे म्हणजे काय होते, हेही सांगते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायांचे हाल लिहिते. मंडळाला सलणारे ते तिन्ही उल्लेख, मांग, महार आणि पेशव्यांचे राज्य, ह्या एका निबंधात आहेत. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक शाळकरी मुलगी जे नाव घेऊन बोलली ते पडद्यावर घ्यायला बंदी, आणि ज्या शाळेत ती शिकली त्या शाळेचा गौरव मात्र पडद्यावर चालतो. सावित्रीबाई चालते, तिची विद्यार्थिनी चालत नाही.

हे एकाच चित्रपटाचे असते तर मी लिहायला बसलो नसतो. १ ऑगस्ट २०२५ ला 'धडक २' आला. तमिळ 'परियेरुम पेरुमाळ'वरून केलेला, कायदा शिकायला गेलेल्या आपल्या पोराची गोष्ट सांगणारा. त्यातही सोळा ठिकाणी बदल. जातीवाचक शब्द मुके केलेले. पहिल्या 'धडक'ला, २०१८ साली, सेन्सॉरची तसदी पडलीच नाही. 'सैराट' उचलून उदयपूरला नेताना निर्मात्यांनी स्वतःच जात वाटेत गाळली होती. बाजाराची कात्री मंडळाच्या कात्रीपेक्षा जास्त धारदार असते, एवढेच म्हणून पुढे जातो.

'सैराट'विषयी मात्र थांबून बोलले पाहिजे. तो किती आठवडे चालला की किती कोटींचा झाला, ह्याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यात एक वर्ग आहे. नवे मास्तर शिकवताहेत, पाटलाचे पोर फोनवर बोलते आहे, मास्तर त्याला हटकतात आणि पोर मास्तरांच्या कानाखाली वाजवते. तो चित्रपट २०१६ साली मी पाहिला तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. थिएटरात हशा झाला. माझा हात आपसूक गालावर गेला. नागराज मंजुळे तिथे जातीचे नाव घेत नाहीत, आणि घ्यायची गरजही पडत नाही. कोण कोणाला हटकू शकतो एवढे दाखवले की आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही सगळे कळते. त्याआधी 'फँड्री'त त्यांनी उलट केले होते. कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा शब्द त्यांनी सगळ्या महाराष्ट्राच्या जिभेवर ठेवला. गावातली पोरे जब्याला त्याच शब्दाने चिडवतात, आणि मेलेले डुक्कर खांद्यावर टाकून ते कुटुंब बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा ह्यांची चित्रे काढलेल्या शाळेच्या भिंतीपुढून जाते. नाव घेणे आणि न घेणे, दोन्ही हत्यारे होऊ शकतात. ती कोणाच्या हातात आहेत, हा प्रश्न आहे.

आता बातम्यांकडे येतो, कारण हीच कात्री तिकडेही चालली आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती जायचे आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यायची. मी त्या निर्णयाचे स्वागत केले होते, आजही करतो. आमच्या वस्तीच्या तोंडाशी 'समतानगर' अशी निळी पाटी लागली. परंतु समतानगर अजून ओढ्याच्या खालच्या अंगालाच आहे. पाणी तिथे शेवटी येते. आणि मागच्या दिवाळीत मी गावच्या टपरीवर उभा असताना ऐकले, "समतानगरचं दिसतंय." ज्या सुरात पूर्वी मांगवाडा म्हटले जायचे अगदी त्याच सुरात. चांगल्याभल्या शब्दाला तीन-चार वर्षांत जात चिकटली. पाटी रंगवायला एक दिवस लागला होता.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतली जातीनुसार कामे वाटणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंनी ते प्रकरण खणून काढले आणि त्याच न्यायालयात गेल्या. झाडू कोणाच्या हाती आणि स्वयंपाक कोणाच्या हाती, हे जन्मावरून ठरवणारे नियम स्वतंत्र भारतात छापील पुस्तकांत होते! त्या निकालाने कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायलाही सांगितले. निकाल मोठा आहे. तरी माझ्या मनात एक खोच राहते. रकाना गेल्यावर झाडू त्याच हातात राहिला, तर ते आपण सिद्ध कशावरून करायचे? सप्टेंबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोलिसांच्या कागदपत्रांतून, पाट्यांवरून, गाड्यांवरून जात काढायचा हुकूम दिला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची प्रकरणे त्यातून वगळली, हे बरे झाले. जातीचे मेळावेही बंद. ज्यांची जात आडनावातच झळकते, ज्यांना मेळावा भरवायची गरज पडत नाही, त्यांचे ह्यात काय जाते?

आणि दुसरीकडे ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने जाहीर केले की येत्या जनगणनेत सगळ्या जाती मोजणार. पूर्ण मोजणी शेवटची झाली १९३१ साली. ह्या बातमीवर आमच्या स्टाफरूममध्ये मोठी चर्चा झाली. "देश पुन्हा जातीत वाटला जाणार," असे एक सहकारी कळवळून म्हणाले. मी त्यांना म्हटले, सर, आमची मोजणी तर दर जनगणनेत होते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती हे रकाने स्वातंत्र्यानंतर कधी गेलेच नाहीत. न मोजलेले तुम्ही लोक आहात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि परीक्षेच्या वेळापत्रकाचा विषय काढला.

इथवर लिहून मी थांबायला हवे होते. प्रस्थापितांना चार शब्द सुनावले, झाले. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख पाठवला तर मुक्ताबाईचे नाव घ्यायचा मला अधिकार राहणार नाही.

एम. ए.ला असताना मी शहरात खोली शोधत होतो. घरमालकीणबाईंनी दारातच आडनाव विचारले. मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितले. दोन वर्षे त्या आडनावाने राहिलो. वडील भेटायला यायचे म्हटले की मीच स्टँडवर जाऊन त्यांना भेटायचो. त्यांच्या बोलण्यावरून, पायातल्या वहाणेवरून कळेल ह्या भीतीने खोलीवर आणले नाही. 'होमबाउंड' चित्रपटातला चंदन आपले पूर्ण नाव सांगायला कचरतो तेव्हा मला तो स्टँड आठवला. वडील आता नाहीत.

हेही एक वेळ जुने झाले म्हणता येईल. परंतु मागच्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी पुण्याला गेली. खोली बघायला गेली आणि दारातूनच तिने मला फोन लावला. "सर, आडनाव विचारतायत. काय सांगू?" मी वर्गात पोरांना नकाराची भाषा शिकवणारा माणूस. मी म्हटले, "नुसतं नाव सांग. आडनाव टाळ." पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, सर." तिला ती खोली मिळाली. मंडळाची कात्री माझ्याही खिशात निघाली.

ह्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, कॉलेजात मुक्ताबाईच्या निबंधाचे वाचन ठेवले होते. वाचणारी पोरगी प्रथम वर्षाची, आमच्याच भागातली. आदल्या दिवशी कार्यक्रम बघणारे एक प्राध्यापक माझ्याकडे आले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "निबंध वाचू द्या, फक्त शीर्षक नको. पाहुणे आहेत, उगाच कोणाला लागेल." फळ्यावरच्या सूचनेत त्यांनी 'मुक्ताबाईंचा निबंध' एवढेच लिहून घेतले होते. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. पुण्याचा फोन माझ्या कानात होता. मी तिला म्हटले, तुला काय वाटते ते कर.

तिने खडू घेतला आणि सूचनेखाली, मोठ्या अक्षरात, शीर्षक पुरे केले.