प्राणी शरीररचनाशास्त्रातील एम.आर.आय. संशोधनाचे प्रवाह : एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना :
चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन, म्हणजेच सर्वपरिचित एम.आर.आय., हे प्रामुख्याने मानवी रोगनिदानाचे साधन म्हणून ओळखले जाते. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावातही हा शब्द मणक्याच्या वा मेंदूच्या दुखण्याच्या निमित्ताने घरोघरी पोहोचला आहे. तथापि या तंत्राच्या जन्मकाळापासून प्राणी त्याच्याशी निगडित आहेत. रेमंड डामाडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठीतील ऊती व निरोगी ऊती यांच्या चुंबकीय प्रतिसादातील फरक दाखविला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये पाण्याने भरलेल्या दोन नळ्यांची प्रतिमा प्रसिद्ध केली आणि त्यानंतर अल्पावधीतच एका लहानशा शिंपल्याची प्रतिमा घेतली. २००३ चे नोबेल पारितोषिक लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले. या इतिहासात प्राण्यांचे स्थान बहुधा पायरीइतकेच राहिले. प्राण्याची शरीररचना हाच अभ्यासविषय मानून एम.आर.आय.चा उपयोग करणारे संशोधन पुढे कोणत्या दिशेने गेले आणि आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापनाशी त्याचा संबंध काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संशोधनाचे प्रवाह :
सर्वांत मोठा प्रवाह उंदराचा आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जी. ॲलन जॉन्सन व सहकाऱ्यांनी अनेक दशके या कामात घालविली. २०२३ मध्ये त्यांनी ९.४ टेस्ला शक्तीच्या चुंबकाच्या साह्याने उंदराच्या मेंदूच्या ज्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, त्यांतील घनबिंदू रुग्णालयीन प्रतिमेतील घनबिंदूपेक्षा लाखो पटींनी लहान आहेत. तांत्रिक सिद्धी म्हणून हे काम थक्क करणारे आहे. परंतु तेथे उंदीर हा मानवी विकारांचा प्रतिनिधी म्हणून उभा आहे, हे विसरता येत नाही.

दुसरा प्रवाह तौलनिक शरीररचनेचा असून अध्यापकांच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. अलेक्झांडर झीग्लर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये समुद्री साळिंदरांच्या अनेक जातींची अंतर्रचना नमुने न कापता मांडली. त्यांतील काही नमुने संग्रहालयांतील जुने होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील 'डिजिटल फिश लायब्ररी' या प्रकल्पाचा २०१२ मधील शोधनिबंध संग्रहालयातील मासे एम.आर.आय.द्वारे अंकीय स्वरूपात नोंदविण्याची पद्धत सांगतो. ग्रेगरी बर्न्स व केन ॲशवेल यांनी २०१७ मध्ये नामशेष झालेल्या टास्मानियन वाघाच्या सुमारे शंभर वर्षे जतन केलेल्या दोन मेंदूंचे प्रतिमांकन केले. या जातीचा अखेरचा ज्ञात प्राणी १९३६ मध्येच मरण पावला होता. एरवी काचेच्या बरणीत पडून राहिला असता असा नमुना पुन्हा बोलका झाला, ही या प्रवाहाची खरी कमाई होय. हे तिन्ही निबंध मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकांत असल्याने ग्रामीण महाविद्यालयातही वाचता येतात.

पशुवैद्यकाचा तिसरा प्रवाह मात्र मालकाच्या ऐपतीबरोबर वाहतो. कुत्रा, मांजर व शर्यतीचा घोडा यांवर विपुल लेखन झाले. उभ्या घोड्याच्या खुराचे प्रतिमांकन करणारी यंत्रेही निघाली. गाय, म्हैस व शेळी यांवरील काम तुलनेने तोकडे आहे. याचे खापर केवळ संशोधकांवर फोडणे न्याय्य ठरणार नाही. नेहमीच्या यंत्राच्या पोकळीचा व्यास ६० ते ७० सेंटीमीटर असतो. तीत मोठ्या जनावराचे डोके वा पाय एवढेच मावते. विदर्भातील नागपुरी म्हशीची तलवारीसारखी, मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेली शिंगे पाहिली तर डोक्याचीही खात्री देता येत नाही. शिवाय आपल्याकडील गुरांच्या पोटात चाऱ्याबरोबर तारा व खिळे जातात आणि जाळीपोटात साठून राहतात. जिवंत जनावर शक्तिशाली चुंबकाजवळ नेणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते. परदेशी पाठ्यपुस्तकात ही अडचण ठळकपणे येत नाही, कारण तेथे रुग्ण म्हणून कुत्रा गृहीत धरलेला असतो. पूर्णाथडी म्हैस किंवा बेरारी शेळी हा प्रस्थापित संशोधनाचा विषय का होत नाही, याचे उत्तर अशा व्यावहारिक तपशिलांतही सापडते.

विच्छेदनबंदी व पर्यायाचा प्रश्न :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये पदवी व पदव्युत्तर प्राणिशास्त्रातून ते पूर्णतः थांबविण्यास सांगितले. प्राणिहिताच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यानंतर चर्चासत्रांतून 'आता अंकीय प्रतिमा आहेत, विच्छेदनाची गरज उरली नाही' असे विधान सर्रास होऊ लागले, आणि ते तपासून पाहिले पाहिजे. एम.आर.आय. मुख्यत्वे पाण्यातील व मेदातील हायड्रोजन केंद्रकांचा प्रतिसाद नोंदविते. म्हणून मऊ ऊती उत्तम दिसतात, तर टणक अस्थी काळी दिसते. त्या प्रतिमेवर नावे मात्र शरीररचनाशास्त्रज्ञ घालतो, आणि ती नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या विच्छेदनातून व ऊतींच्या छेदांतून आलेली असतात. प्रात्यक्षिकात मुशीच्या पाचव्या, सातव्या, नवव्या व दहाव्या कर्परतंत्रिका उघड करताना ज्यांचे हात थरथरले, त्या अध्यापकांना हे सांगण्याची गरज नाही. एक मिलिमीटरच्या घनबिंदूत त्यांच्या बारीक शाखा हरवून जातात. ज्या विद्यार्थ्याने २०१४ नंतर पदवी घेतली आणि एकही तंत्रिका प्रत्यक्ष पाहिली नाही, त्याच्यासाठी पडद्यावरील करडी छटा ही केवळ छटाच राहते. आणि आज तोच विद्यार्थी अध्यापक म्हणून वर्गात उभा आहे.

महाविद्यालयीन संग्रहालये :
याच ठिकाणी दुसऱ्या प्रवाहातील संशोधन उपयोगी पडते. विदर्भातील अनेक विज्ञान महाविद्यालयांत फॉर्मलिनमध्ये ठेवलेले नमुने आजही कपाटांत आहेत. नवीन प्राणी न मारता त्यांचे प्रतिमांकन करता येईल. जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध असणारे १.५ टेस्लाचे रुग्णालयीन यंत्र झुरळासाठी कुचकामी असले, तरी मोठी मुशी किंवा शेळीचे डोके यांसाठी पुरेसे आहे. फॉर्मलिनमुळे ऊतींचा चुंबकीय प्रतिसाद बदलतो, म्हणून नमुना आधी काही काळ पाण्यात ठेवून धुवावा लागतो आणि नमुन्यात लोखंडी तार नाही याची खात्री करावी लागते. रुग्णालयाची परवानगी व खर्च हे प्रश्न आहेतच, पण ते दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून सोडविता येण्याजोगे आहेत.

अधिक गंभीर अडचण बरणीवरील चिठ्ठीची आहे. झीग्लर किंवा बर्न्स यांचे काम शक्य झाले, कारण त्यांच्या नमुन्यांबरोबर नोंदी टिकून होत्या. आपल्याकडील बरण्यांवर बहुधा जातीचे नाव व अनुक्रमांक एवढेच असते. नमुना कोठून आला, कोणत्या वर्षी जतन केला, द्रावण शेवटचे केव्हा बदलले, याची नोंद नसते. ज्यांनी ते नमुने गोळा केले त्या अध्यापकांची पिढी आता निवृत्त होत आहे, आणि ही माहिती सध्या केवळ त्यांच्याच स्मरणात आहे.