आईबाप असलेली पोरकी : ‘टेढी लकीर’मधील शम्मन

मराठीत इस्मत चुगताई यांचा विषय निघाला की तो १९४२ च्या ‘लिहाफ’पाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. लाहोरचा खटला, त्या वेळचा गदारोळ, बाईंचा बेधडक स्वभाव एवढे सांगून झाले की इस्मतआपा सांगून झाल्या, असे आपण समजतो. त्यांची ‘टेढी लकीर’ ही मोठी कादंबरी मात्र कपाटातच राहते. ज्यांनी ती वाचली आहे तेही तिला ‘बंडखोर स्त्रीची कादंबरी’ म्हणून मोकळे होतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, आणि आम्हांला ती आधी एका लहान मुलीची आणि तिच्या शाळेची कादंबरी वाटते. असे का वाटते, ते या लेखात मांडायचे आहे.

कादंबरीची नायिका शम्मन हे घरातले दहावे मूल. तिच्या जन्माचे कौतुक करण्याइतका उत्साह घरात कुणालाच उरलेला नाही. आई आहे, पण ती बाळंतपणांनी थकलेली. वडील आहेत, पण ते मुलांच्या जगापासून लांब. शम्मनला छातीशी धरते ती दूध पाजायला ठेवलेली दाई, अन्ना. एके दिवशी त्या अन्नालाच घरातून काढून टाकतात. मग मोठी बहीण मंझू तिला सांभाळू लागते. ती तिला न्हाऊमाखू घालते, वेणीफणी करते, प्रसंगी बदडतेही. शम्मन तिला आई मानू लागते न लागते तोच मंझूचे लग्न होते आणि ती सासरी जाते. पाठोपाठ विधवा झालेली बडी आपा मुलांना घेऊन माहेरी येते, आणि तिची नूरी ही घरातली ‘गुणी मुलगी’ ठरते. नूरीकडे बघ, नूरीसारखी वाग, हे शम्मनने उठताबसता ऐकायचे.

इतक्या उलथापालथीत घरातल्या कुणीही शम्मनला काही समजावून सांगितलेले नाही. अन्ना का गेली, मंझू परत का येत नाही, बडी आपा का आली, हे मोठ्यांचे विषय. मुलीच्या वाट्याला येतो तो केवळ परिणाम. मग ती माती खाते, ओरबाडते, हट्ट करते. घर म्हणते, पोर वाकडी आहे. कादंबरीच्या नावातली वाकडी रेघ इथूनच सुरू होते. इस्मतआपांनी ही कादंबरी अर्पण केली आहे ती आईबाप हयात असूनही पोरक्या असलेल्या मुलांना. आमच्या मते साऱ्या कादंबरीची किल्ली या अर्पणपत्रिकेतच आहे.

मराठी वाचकाला इथे ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या पिढ्यान् पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या, आमच्या मुस्लिम घरांतूनही ते वाचले गेले. तिथे गरिबी आहे, पण मुलाच्या प्रत्येक चुकीपाशी आई उभी आहे. शम्मनच्या घरात खाण्यापिण्याची ददात नाही, पण तिच्या चुकीपाशी कुणीच थांबत नाही. चूक मोजली जाते, तिचे कारण कुणी विचारत नाही. आपल्या बालपणाच्या वाङ्मयात आईची महती पुष्कळ गायिली गेली. आई घरात असूनही मुलाला मिळत नाही, हे इतक्या उघडपणे सांगणारे लेखन फार कमी झाले.

अशी ही मुलगी शाळेत जाते, वसतिगृहात राहते. आम्हां शिक्षकांचा एक आवडता शब्द आहे : ‘रुळली’. नवी मुलगी वर्गात आली, आठ-पंधरा दिवस रडली आणि मग गप्प बसू लागली की आम्ही म्हणतो, रुळली. इस्मतआपा हा शब्द मान्य करीत नाहीत. त्यांची शम्मन गप्प बसत नाही. घरी जे हातातून निसटले ते ती शाळेत शोधू लागते, आणि ते तिला मिस चरण या शिक्षिकेत सापडते. तिची एक नजर मिळावी म्हणून शम्मन झुरते, तिच्यासाठी अभ्यास करते. झोपेतसुद्धा तिची पावले मिस चरणच्या खोलीकडे वळतात. शाळेला या ओढीचे एकच नाव ठाऊक आहे, आणि ते घाणेरडे आहे. कुजबुज होते आणि शेवटी मिस चरणला शाळा सोडून जावे लागते. अन्ना गेली, मंझू गेली, तशीच मिस चरणही गेली. घराने जे दोनदा केले तेच शाळेने तिसऱ्यांदा केले.

समीक्षकांनी या प्रकरणाकडे बहुधा ‘लिहाफ’च्या चष्म्यातून पाहिले. वयात येणाऱ्या मुलीच्या मनातली ओढ तिथे आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण आधीची प्रकरणे विसरून हे प्रकरण वाचणे म्हणजे शाळेने केलेली चूक पुन्हा करणे होय. शम्मनला काय हवे आहे हे तिचे तिलाच कळत नाही. ते कळून घेणे हे मोठ्यांचे काम होते.

आम्हांला हे उशिरा कळले, आणि ते पुस्तकातून कळले. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी आली. तिची अम्मी दोन मुलांना घेऊन माहेरी परतली होती. नाव घालायला नाना आले होते. मुलगी चौथीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. बोलीभाषा आमचीच, पण उर्दू लिपी कच्ची. पहिल्या दिवशी तिने उर्दूची वही डावीकडून उघडली आणि पहिल्या पानावर, म्हणजे आमच्या हिशेबाने शेवटच्या पानावर, नाव लिहिले. आम्ही लाल शाईने शेरा मारला : वही उलटी आहे. त्यानंतर ती दर तासाला वही तपासायला घेऊन येऊ लागली. पुष्कळदा त्या वहीत नवे काहीच लिहिलेले नसे. ती टेबलाला टेकून नुसती उभी राही. वर्गात बावन्न मुली, अभ्यासक्रम मागे पडलेला. आम्ही रोज एकच वाक्य म्हणत असू : जागेवर बस. महिनाभरात ती यायची थांबली. मुलगी रुळली, असे आम्ही तिच्या नानांना सांगितलेही.

मिस चरणची प्रकरणे आम्ही त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचली. बी.एड.च्या वर्षी बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. समायोजन, त्याचे प्रकार, त्याला येणारे अडथळे, सारे पाठ होते. पण रिकामी वही घेऊन टेबलापाशी उभी राहणारी मुलगी त्या पेपरात नव्हती. ती ‘टेढी लकीर’मध्ये होती.

याचे एक कारण असे की इस्मतआपा स्वतः शिक्षिका होत्या. दहा भावंडांतल्या त्या नवव्या. बी.ए. आणि पाठोपाठ बी.टी. अशा दोन्ही पदव्या घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय मुस्लिम महिला मानल्या जातात. बरेलीत त्यांनी मुलींची शाळा सांभाळली, पुढे मुंबईत शाळा-निरीक्षक म्हणून काम केले. वर्ग, वसतिगृह, शिक्षकांची खोली, तपासणीच्या दिवशीची धांदल हे सारे त्यांनी आतून पाहिले होते. म्हणून कादंबरीतली शाळा निव्वळ देखावा वाटत नाही. शम्मन मोठी होऊन मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते, तेव्हा खुर्चीच्या या बाजूने दिसणारी शाळाही तितकीच खरी उतरते.

कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष रसूल फातिमाच्या चित्रणात आहे. वसतिगृहातली ही खोलीसोबतीण शम्मनइतकीच मायेची भुकेली आहे. पण लेखिका तिच्याकडे केवळ शम्मनच्या किळसेतून पाहते. एक उपेक्षित मुलगी दुसऱ्या उपेक्षित मुलीला झिडकारते, हे सत्य आहे आणि ते दाखवण्याचे धैर्यही मोठे आहे. मात्र रसूल फातिमाच्या बाजूने एक पानही लिहिले गेले नाही, याची चुटपुट लागते. ज्या न्यायाने शम्मनकडे पाहायला लेखिकेने आम्हांला शिकवले, तो न्याय तिला दुसऱ्या मुलीला देता आला नाही. दुसरा दोष उत्तरार्धाचा. कॉलेज, राजकीय चर्चा, इफ्तिखार, मग रॉनी टेलर या आयरिश माणसाशी लग्न आणि ताटातूट, अशी गर्दी होते. पहिल्या भागात एका रिबिनीला जेवढी जागा मिळत होती, तेवढी इथे वर्षांनाही मिळत नाही. तरीही शेवट आम्हांला योग्य वाटतो. नवरा निघून गेलेला आहे आणि शम्मनला पोटातल्या बाळाची चाहूल लागते. वाकड्या रेघेपुढे आता एक कोरे पान आहे. या बाळाशी ती कशी वागेल, हे इस्मतआपा सांगत नाहीत.

आम्हां मुस्लिम मराठी लेखकांनी या कादंबरीकडून काय घ्यावे? तलाक, पोटगी, परित्यक्तेचे हाल यांवर आपण कळकळीने लिहिले, चळवळी केल्या, अजूनही लिहितो. ते आवश्यकच आहे. पण त्या बाईच्या बोटाला धरून माहेरी आलेले मूल आमच्या वाचनात अभावानेच आले. आले तरी ते आईचे दुःख गडद करण्यापुरते. त्या मुलाची शाळा मध्येच सुटते, कधी माध्यम बदलते, मैत्रिणी बदलतात, आणि ‘अब्बा काय करतात?’ या साध्या प्रश्नाला वर्गात उत्तर देता येत नाही. हा विषय आपल्या कथेत अजून यायचा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने एवढे केले की जुन्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दार उघडण्यापर्यंत कायदा आला. दाराच्या आत काय होते, ते सांगणे वाङ्मयाचे काम आहे.

आमच्या वर्गातली ती मुलगी वर्षअखेरीस पुन्हा गेली. तिच्या अम्मीला दुसऱ्या गावी काम मिळाले. दाखला आम्हीच लिहिला. वर्तणूक या रकान्यात ‘चांगली’ लिहिले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले, कारण तिथे एवढेच लिहिण्याची पद्धत आहे आणि एवढीच जागा आहे. त्यानंतर दरवर्षी जून महिन्यात आणि दिवाळीनंतर नव्या मुली येतात. त्यांतली एखादी वही उलटी उघडते. आम्ही आता शेरा मारत नाही. वही सरळ करून तिच्या हाती देतो आणि तिला थोडा वेळ टेबलापाशी उभी राहू देतो. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो. शिक्षकांनी ‘टेढी लकीर’ एकदा तरी वाचावी, असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच.